काकांचं शटर खाली येईना

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता कुलूपवाल्या काकांनी नेहमीप्रमाणे आकडा लावून शटर खाली ओढलं, आणि शटर काकांच्या डोक्यापर्यंत खाली येऊन थांबलं. काकांनी पुन्हा ओढलं. शटर हललं नाही. मग त्यांनी त्याला दोन शब्द सुनावले, आकडा दोन्ही हातांनी धरला आणि पाय उचलून लटकून पाहिलं. काका लटकत राहिले आणि शटर होतं तिथेच राहिलं. समोरच्या दुकानात गळ्यात टेप अडकवून घरी जायच्या तयारीत उभा असलेला शिंपी हे सगळं बघत होता.

"काका, जरा जोर लावा की."

"जोर लावलाय म्हणूनच तर लटकलोय. लांबून सल्ले देऊ नकोस, इकडे ये."

शिंपी आला आणि तोही लटकला. दोन प्रौढ माणसं एका आकड्याला लोंबकळताना पाहून शेजारच्या भांडीवाल्या मावशी हातात पितळी बत्ता घेऊन बाहेर आल्या. मावशींचा स्वभाव असा, की वाटाघाटीवर त्यांचा फारसा विश्वास नाही. त्यांनी शटरच्या खाचेवर एक सणसणीत ठोका घातला. आत कुठेतरी खट्‌ असं वाजलं, आणि इतका वेळ हटून बसलेलं शटर दोघांच्या हातातून निसटून सरळ वर गेलं. तिथे ते जे रुतलं ते रुतलंच.

"मावशी, आपल्याला खाली आणायचं होतं," काका म्हणाले.

"मग आधी नाही का सांगायचं?" मावशी म्हणाल्या आणि बत्ता घेऊन परत गेल्या.

आता एका माणसाच्या दुकानाचं शटर अडलं तर जगाचं काय अडतं, असं तुम्ही म्हणाल. दुसऱ्या एखाद्या गल्लीबद्दल म्हणालात तर बरोबरच आहे. या गल्लीची रीत निराळी. शहराच्या अगदी पोटात असलेल्या या जुन्या गल्लीत कोपऱ्यावरचं पहिलं दुकान काकांचं, आणि काकांच्या आधी कोणी दुकान बंद करायचं नाही, हा नियम. काकांच्या वडिलांच्या वेळेपासूनचा. तो का पडला हे कोणालाच धड माहीत नव्हतं. शिंपी म्हणे, पूर्वी गल्लीतल्या दिव्यांचं बटण काकांच्या दुकानात होतं म्हणून. मावशी म्हणत, काकांचे वडील फार तापट होते म्हणून. कारण काही का असेना, घरातलं वडील माणूस उठल्याशिवाय जसं कोणी ताटावरून उठत नाही, तसं काकांचं शटर जमिनीला टेकल्याशिवाय गल्लीतलं दुसरं शटर हलत नसे.

गेली काही वर्षं या नियमाचा कोणाला त्रास नव्हता, उलट सोयच होती. शहराबाहेर काचेचा मोठा बाजार झाला, त्यात सरकते जिने आले आणि माणसं तिकडे सरकली. गल्लीत चिटपाखरू फिरकेना. काका पूर्वी नऊला बंद करत, ते आठला करू लागले, मग सातला, आणि आता घसरत घसरत पाचवर आले होते. सहापर्यंत गल्लीत असा अंधार होई की कचेऱ्यांतून सुटलेली माणसं वळसा घालून मोठ्या रस्त्याने जात. गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानं लवकर बंद, आणि दुकानं लवकर बंद म्हणून गिऱ्हाईक नाही. आधी कोंबडी की आधी अंडं, यावर वाद घालायलासुद्धा पाचनंतर गल्लीत दोन माणसं सापडत नसत.

आणि आता तर काकांचं दुकानच जायचं होतं. त्यांचे चिरंजीव शहराबाहेर बाराव्या मजल्यावर राहत. मुलगा वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. वाईट मुलाशी भांडता येतं, चांगल्या मुलाशी माणसाने करायचं काय? मध्यंतरी काकू बाहेर गेलेल्या असताना काका दुकानावरच्या घराच्या जिन्यात घसरून पडले. पाय मुरगळला, उठता येईना. हाका मारमारून घसा बसला, पण गल्ली रिकामी. काकू येईपर्यंत ते पायरीवर बसून होते. तेव्हापासून मुलाचं एकच पालुपद होतं.

"बाबा, तिथे हाक मारली तर ओ द्यायला कोण आहे?"

शेवटी काकांनी होकार दिला. शनिवारी संध्याकाळी एका गोदामवाल्याला दुकानाचा ताबा द्यायचा, आणि रविवारी बाराव्या मजल्यावर जायचं. गोदामवाला तिथे खोकी भरून ठेवणार होता. कोपऱ्यावरचं दुकान मिळालं की बाकीची आपोआप मिळतील, हे त्याने ओळखलं होतं. या गल्लीत सगळेच काकांच्या मागोमाग बंद करतात, हे त्याला कोणीतरी सांगितलं असावं.

काकांना जायचं नव्हतं. काकूंना तर मुळीच जायचं नव्हतं. पण दोघंही याबद्दल मूग गिळून बसले होते, कारण दोघांचीही समजूत अशी, की दुसऱ्याला नातवंडांजवळ जायची ओढ लागलीय.

तर सोमवारी शटर वर रुतल्यावर काकांनी शटरच्या मिस्त्रीला फोन लावला.

"आलोच काका. रस्त्यातच आहे."

हा मिस्त्री कधीही फोन करा, रस्त्यातच असे. इतका सतत रस्त्यात असणारा माणूस कुठेच कसा पोचत नाही, हे कोडं गल्लीत कोणाला सुटलेलं नव्हतं. सहा वाजले. मिस्त्री आला नाही.

"काका," शिंपी रस्ता ओलांडून आला, "तुम्ही मनातल्या मनात बंद झालात असं धरू का? माझी बस जाईल."

"मनातल्या मनात म्हणजे काय? शटर जमिनीला टेकलं म्हणजे दुकान बंद. तुला घाई असेल तर जा बाबा. माझ्या वडिलांच्या वेळेपासून कोणी गेलं नाही, तू पहिला जा."

आता यावर कोण जाणार? शिंप्याने बसवर पाणी सोडलं आणि चरफडत आपल्या दुकानात जाऊन बसला. मावशीही थांबल्या. गल्लीच्या मध्यावरचा चहावाला, जो पाचला भांडी विसळून ठेवत असे, त्याने नाइलाजाने पुन्हा आधण ठेवलं. अंधार पडायला लागला तसे दिवे लावणं आलं. शिंप्याच्या दुकानातला दिवा इतक्या वर्षांत लावलाच नव्हता. तो आधी फडफडला, मग गुणगुणला आणि शेवटी एकदाचा लागला. त्या उजेडात शिंप्याला आपल्या दुकानाचं छत पहिल्यांदा दिसलं, आणि ते पाहून त्याला वाईट वाटलं.

साडेसहाच्या सुमाराला कचेऱ्या सुटल्या. मोठ्या रस्त्याने जाणाऱ्या एका बाईंना गल्लीत उजेड दिसला. त्या क्षणभर थांबल्या आणि सरळ आत वळल्या. हातात एक पर्स होती.

"याची चेन बसवून मिळेल?"

"उद्या या," शिंपी सवयीने म्हणाला.

"उद्या किती वाजता?"

"पाचच्या आत."

"पाचला मी कचेरीत असते."

"मग कचेरीत जायच्या आधी या."

"तेव्हा तुम्ही उघडलेलं नसतं."

"नसतं," शिंपी म्हणाला.

इतकी वर्षं आपल्याकडे कोणी का येत नाही याचा विचार करून शिंप्याचे केस पिकले होते, आणि उत्तर असं पर्स घेऊन समोर उभं होतं. त्याने मुकाट्याने पर्स घेतली आणि चेन बसवून दिली.

त्या बाईंमागून आणखी माणसं आली. कोणी पातेल्याला कडी बसवायला आलं. कोणी चहा पाहून थांबलं. एक गृहस्थ बंद पेटी घेऊन काकांकडे आले, किल्ली हरवली होती. काकांनी तार घातली, कान पेटीला लावला आणि पेटी उघडून दिली.

"मी इथून दोन चौकांवर राहतो," गृहस्थ म्हणाले, "पण इथे कुलूपवाला आहे हे मला माहीतच नव्हतं."

"अहो, मी जन्मापासून इथेच आहे."

"असाल. पण मी येतो तेव्हा नसता."

काकांना राग यायला हवा होता. आला नाही. उलट कितीतरी दिवसांनी हाताला काम लागल्यामुळे त्यांना इतकं बरं वाटलं, की शटर बिघडल्याचं दुःख करायचं राहूनच गेलं.

रात्रीचे नऊ वाजले, जेवणाची वेळ झाली, तरी मिस्त्री रस्त्यातच होता. गल्ली पेंगायला लागली. शेवटी काकू वरून खाली आल्या. त्यांच्या हातात पलंगावरची मोठी चादर होती. त्यांनी ती दुकानाच्या तोंडावर या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत बांधली.

"हे शटर समजा," त्या म्हणाल्या. "जा सगळे घरी. आणि तुम्ही आत झोपा, म्हणजे कुलूप झालं."

काकांचा नियम मोठा, पण काकूंचा शब्द त्याहून मोठा. पाच मिनिटांत सगळी शटरं खाली आली.

मंगळवारी पाच वाजता शिंपी काकूंच्या जिन्याखाली हजर झाला. बस गाठायची होती.

"काकू, चादर टाका की खाली."

"धुतलीय रे. वाळायला नको?"

ती वाळेपर्यंत पुन्हा नऊ वाजले. मधल्या वेळात कालची पर्सवाली बाई दोन मैत्रिणींना घेऊन आली. एकीला ब्लाउज शिवायचा होता, दुसरीला बाह्या सैल करून हव्या होत्या. काकांचं दुकान उघडं म्हणून ते स्टूल घेऊन बाहेर राखणीला बसले. एकटा माणूस बसलेला पाहून दुसरा बसला, दोघं बसलेले पाहून तिसरा आला. चहावाल्याने आपण होऊन बाक आणून टाकला. बाकावर राजकारण सुरू झालं आणि दोन कप जास्त गेले.

बुधवारी शिंपी चार वाजताच उभा. "काकू, आज तरी वाळली ना?"

"वाळली. पण कड उसवलीय. सकाळी तुझ्याच दुकानात देऊन ठेवलीय शिवायला. झाली का?"

शिंप्याने मागे वळून पाहिलं. गठ्ठ्यात चादर होती. कडेला टाके घालायला बसावं, तर दारात चार गिऱ्हाइकं. चादर शिवून झाल्याशिवाय दुकान बंद करता येईना, आणि दुकान बंद केल्याशिवाय चादर शिवायला सवड मिळेना. त्या दिवशी त्याने घरी फोन करून सांगितलं की बसची वाट बघू नका, आता कामाचं ओझं फार आहे. हे वाक्य बोलताना त्याचा आवाज चढला होता. बऱ्याच वर्षांत त्याला ते बोलायला मिळालं नव्हतं.

काकूंच्या मनात काय चाललं होतं, हे काकांनी एकदा विचारून पाहिलं.

"अगं, पलंगावर घालायला दुसरी चादर आहे ना? मग ही एवढी धुतेस कशाला?"

"जायचंय ना रविवारी? घाण चादर घेऊन जाऊ होय मुलाकडे?" काकू म्हणाल्या, आणि भांडी आवाज करत लावू लागल्या. भांड्यांचा तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता, आणि तो आनंदाचा नक्कीच नव्हता.

गुरुवारी मिस्त्री आला. खरोखर आला. त्याने वर पाहिलं, ओठ मुडपले, मान हलवली.

"स्प्रिंग गेलीय काका. शनिवारपर्यंत आणतो." आणि तो बाकावर बसला तो दोन कप चहा आणि एक वाद संपवूनच उठला.

रोज रात्री चिरंजीवांचा फोन येई. "बाबा, काहीही करा, शनिवारच्या आत शटर दुरुस्त करून घ्या. गोदामवाल्याची अट आहे. शटर बंद, कुलूप लावलेलं आणि किल्ली हातात. न बंद होणारं दुकान तो घेणार नाही."

"करतो रे बाबा. मिस्त्रीच्या मागे लागलोय."

आणि काका खरंच मागे लागले होते. शब्द दिला म्हणजे दिला. पण फोन ठेवला की ते पुन्हा बाहेर बाकावर येऊन बसत आणि गल्लीकडे बघत. वरच्या खिडक्या उघडायला लागल्या होत्या. पोरं उजेडात चेंडू खेळत होती. शुक्रवारी एक तरुण जोडपं शिंप्याच्या वरची रिकामी जागा बघायला आलं. नवरा भिंती ठोकून बघत होता. बायको खाली आली आणि तिने मावशींना विचारलं, "इथे रोज नऊपर्यंत अशी वर्दळ असते?"

"म्हणजे काय," मावशी म्हणाल्या. "पूर्वीपासून."

पूर्वीपासून म्हणजे सोमवारपासून, हे सांगायची मावशींना काही गरज वाटली नाही. जोडप्याने जागा घेतली. काका हे ऐकत होते. त्यांना आनंद झाला, आणि लगेच आठवलं, की हे राहायला येतील तेव्हा कोपऱ्यावर खोकी असतील. मग मावशी विकतील, शिंपी विकेल, आणि या पोरीला पुन्हा मोठ्या रस्त्याने वळसा घालून यावं लागेल.

शनिवारी संध्याकाळी चिरंजीव, गोदामवाला आणि मिस्त्री असे तिघंही एकदम आले. गोदामवाला मागे जागा बघायला आला होता तेव्हा त्याची गाडी थेट दुकानाच्या पायरीपर्यंत आली होती. आज ती मोठ्या रस्त्यावरच लावावी लागली, कारण गल्लीत माणसं होती. तो अंग चोरत, कोपर सांभाळत आत आला.

"आज काही विशेष आहे का?" त्याने मावशींना विचारलं.

"शनिवार आहे," मावशी म्हणाल्या. "बाजूला व्हा, गिऱ्हाईक येतंय."

मिस्त्रीने शिडी लावली, जुनी स्प्रिंग काढली, नवी घातली, तेल सोडलं आणि खाली उतरून हात पुसले. "घ्या काका. एका बोटाने येईल."

काकांनी एक बोट लावलं. शटर इतकं सहज खाली आलं, की काकांना वाईट वाटलं. निदान थोडी खळखळ तरी करायची होती. ते जमिनीला टेकल्याचा आवाज गल्लीत शेवटपर्यंत गेला. काकांनी दुकानातलं सगळ्यात चांगलं कुलूप बाजूला ठेवलं होतं, ते लावलं. वर खिडकीत काकू उभ्या होत्या. त्यांनी पदर डोळ्यांना लावला आणि ते लपवलंही नाही. काकांचेही डोळे भरून आले. आता मागोमाग शिंप्याचं शटर येईल, मग मावशींचं, मग टोकापर्यंत सगळ्यांची. शेवटचं एकदा हे ऐकावं आणि जावं, म्हणून ते पाठ करून उभे राहिले.

गोदामवाला मुलाच्या कानाशी लागला. "बघा आता. सगळी गल्ली पटापट बंद होते."

काका उभे राहिले. काहीच वाजलं नाही. त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि वळून पाहिलं. शिंपी एका माणसाच्या छातीचं माप घेत होता. मावशी डबा कागदात गुंडाळत होत्या. चहावाला कप भरत होता. बाकावरचा वाद रंगात आला होता.

"शिंप्या," काका म्हणाले, "मी बंद केलंय."

"हो, वाजलं ना. हात वर करा हो," हे गिऱ्हाइकाला. "काका, तुम्ही व्हा पुढे. माझं आवरायला वेळ आहे."

"मावशी, मी बंद केलंय म्हटलं."

"जा हो काका, दमला असाल. आम्ही आहोत अजून."

आम्ही आहोत अजून. काकांच्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी आटलं. त्यांच्या वडिलांच्या हयातीत आणि त्यांच्या स्वतःच्या हयातीत, कोपऱ्यावरचं शटर पडल्यावर गल्लीतलं एकही दुकान उघडं राहिलं नव्हतं. दुःख त्यांनी सोसलं असतं. हा तर चारचौघांत अपमान होता.

"चला काका, किल्ली द्या," गोदामवाल्याने हात पुढे केला.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई धापा टाकत आल्या. हातात अर्धी मोडलेली किल्ली होती. अर्धी दारात अडकली होती. त्यांनी शटर पाहिलं, आणि त्यांचा चेहरा पडला.

"बंद झालं? इतक्या लवकर?"

काकांनी त्या बाईंकडे पाहिलं. मग समोरच्या उजेडाकडे पाहिलं. मग गोदामवाल्याच्या पुढे आलेल्या हाताकडे पाहिलं, आणि किल्ली स्वतःच्याच कुलपात घातली.

"बंद कुठलं झालंय? तपासून बघत होतो, नीट चालतंय का," ते म्हणाले. "दोन मिनिटं थांबा हो साहेब, एवढं गिऱ्हाईक करतो."

शटर वर गेलं. एका बोटाने. बाईंना दारातला तुकडा काढायला चिमटा दिला, त्या तो घेऊन आल्यावर दोन्ही तुकडे जुळवून नवी किल्ली कापून दिली. त्यांच्यामागे एक माणूस सायकलचं कुलूप मागायला आला. त्याच्यामागे आणखी एक. गोदामवाला घड्याळ बघत उभा राहिला, मग कंटाळून बाकावर टेकला. मुलगा दुकानाच्या पायरीवर चढला.

"बाबा, माणूस खोळंबलाय. आपलं ठरलंय ना?"

"ठरलंय. नाही कुठे म्हणतोय? एवढं वरच्या फळीवरचं कुलूप काढून देतो," असं म्हणत काका स्टुलावर चढले. घाई झाली होती, शिवाय राग पुरता उतरला नव्हता. स्टूल डुगडुगलं. काकांनी फळी धरायला हात टाकला, तो हुकला, आणि त्यांच्या तोंडून नुसतं "अगं" एवढंच निघालं.

शिंपी टेप गळ्यात तसाच ठेवून रस्ता ओलांडून आला. मावशींनी डबा टाकला आणि आल्या. चहावाला किटलीसकट आला. बाकावरून सोमवारचे ते पेटीवाले गृहस्थ धावले. काका खाली पडायच्या आत चौघांच्या हातांवर होते. मुलगा सगळ्यांत जवळ, पायरीवरच उभा होता, आणि तो पाचवा पोचला. त्याला बापाच्या अंगाला हात लावायला जागाच सापडेना.

"लागलं का?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"मला काय होतंय?" काका म्हणाले. "त्या सायकलवाल्याला ते तिसरं कुलूप द्या."

मुलाने शिंप्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं, जिन्यातून निम्म्यापर्यंत उतरून आलेल्या आईकडे पाहिलं. आईने फक्त भुवया उंचावल्या. मग तो बाकाजवळ गेला.

"साहेब, माफ करा. दुकान द्यायचं नाही."

"अहो, पण का? शटर तर दुरुस्त झालं."

"म्हणूनच. शिवाय इथे हाक मारायच्या आत माणसं ओ देतात."

गोदामवाला उठला, पुन्हा बसला. "मग मी एवढा वेळ इथे कशाला थांबलो?"

"तेच म्हणतोय मी," शिंपी मागून म्हणाला. "आलाच आहात तर माप देऊन जा. तुमची विजार घोट्यावर आखूड झालीय. गुरुवारी संध्याकाळी आठला न्यायला या." गोदामवाल्याने खाली वाकून आपल्या विजारीकडे पाहिलं. ती खरंच आखूड होती. तो निमूट शिंप्यामागे गेला.

काकूंनी त्या संध्याकाळी काकांना विचारलं, तुम्हाला तरी जायचं होतं का हो बाराव्या मजल्यावर? काका म्हणाले, मला वाटलं तुलाच जायचंय. यावर दोघंही इतकी हसली, की बाकावरचा वाद थांबला आणि काय झालं म्हणून विचारायला माणसं आली.

साडेनऊच्या पुढे गर्दी पांगली. काकांनी समोर पाहिलं. शिंपी पुसलेली कात्री पुन्हा पुसत बसला होता.

"शिंप्या, कर आता बंद."

"तुमच्या आधी? नियम आहे काका."

"मघाशी मी बंद केलं तेव्हा कुठे गेला होता नियम? एकदा फजिती करून घेतली तेवढी पुरे. आता तुम्ही सगळे बंद करा, मग मी."

"असं कसं? कोपऱ्यावरचं शटर पहिलं."

"मग बस."

"बसतो की."

मावशींनी दोघांकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे ओढून त्याही बसल्या. चहावाल्याने आधण ठेवलं.

मुलाचा फोन वाजला. बाराव्या मजल्यावरून त्याची बायको विचारत होती, काम झालं का, आणि घरी कधी येणार.

"दुकान बंद झालं की निघतो," तो म्हणाला.

"कधी बंद होणार?"

मुलाने काकांकडे पाहिलं. काका शिंप्याकडे बघत होते, शिंपी काकांकडे बघत होता, आणि दोघांपैकी कोणाचाही उठायचा विचार दिसत नव्हता.

"ते इथे कोणालाच सांगता येत नाहीये," तो म्हणाला. "असं कर, पोरांना घेऊन तूच इकडे ये."